आता थांबलंय

४ नोव्हेंबर, सोमवार. मांजरी

आलो बुवा एकदाचा. नवी जागा, नवी वही, आणि खिडकीबाहेर नजर पोचेल तिथवर ऊस. शुक्रवार पेठेत सारा जन्म खिडकीतून समोरच्यांचे वाळत घातलेले पंचे पाहण्यात गेला, त्यामुळे ही चैनच म्हणायची. आमची इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डर दीड वर्ष म्हणतो, म्हणजे तीन धरायची. तोवर मुक्काम या ज्येष्ठ निवासात. जागा सुरुचीनं शोधली. सुरुची माझी भाची, सांगलीला डॉक्टर आहे. मला मूलबाळ नाही, म्हणून माझ्यावर रागवायचा हक्क तिनं आपणहून घेतलाय.

इथं मालक कोणी नाही. म्हाताऱ्यांनी मिळून बंगला भाड्यानं घेतलाय, मला धरून अकरा जण. स्वयंपाकाला बाई येते, वरकामाला उत्तरेश्वर हा बार्शीकडचा गृहस्थ आहे. कारभार सगळा सेक्रेटरी मंदाकिनीबाईंच्या हातात. टपाल खात्यातून निवृत्त झाल्या, पण शिक्का अजून बोटात आहे. जिन्यात त्यांच्या हातची पाटी आहे : "दार हळू लावावे. पलीकडे माणसे राहतात, शत्रू नव्हेत." वाचून फार बरं वाटलं. पेठेतून बाहेर पडलो तरी पुणं सुटलं नाही.

संध्याकाळी वारा सुटला आणि अख्खा ऊस एका सुरात सळसळला. आगटे मास्तर वर्गात शिरले की आम्ही पोरं असेच एकदम उठून उभे राहायचो.

६ नोव्हेंबर

जेवणाच्या टेबलावर मीठ, लोणचं आणि एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो. बिस्किटं आहेत असं समजून मी हात घातला, तर आत गोळ्या. प्रत्येकाच्या आजारपणात उरलेल्या. कुणाच्या खोकल्याच्या दोन, कुणाच्या गुडघ्याच्या चार, कुणी वारलं तर त्यांच्या सगळ्या. मंदाकिनीबाईंनी समजावलं, की बरं वाटलं की गोळी थांबवायची आणि उरलेली डब्यात टाकायची. फेकायची कशाला, पैसे पडलेत. पुढच्याला लागली की तो घेतो, आणि डॉक्टरची फीही वाचते. कुठली गोळी कशाची हे त्यांना पाठ. पुष्कळ वर्षं पत्रं लावण्यात गेली, पाकीट बघून गाव ओळखतात.

मला ही व्यवस्था मनापासून आवडली. आईचा बटणांचा डबा असाच होता.

८ नोव्हेंबर

दाढ ठणकतेय. गाल सुजून मोदक झालाय. मंदाकिनीबाईंनी चष्मा लावून डबा पालथा केला आणि मला पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स जमवून दिला. तीन गोळ्या एका पाकिटातल्या, दोन दुसऱ्या, चार कॅप्सुली श्यामलाबाईंच्या. या श्यामलाबाई चैत्रात गेल्या, मी त्यांना पाहिलेलं नाही. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवावी तसा हा कोर्स. रंग निरनिराळे असले तरी काम एकच, असं बाई म्हणाल्या. मी आभार मानले. त्यांनी ते पोचपावतीसारखे घेतले.

१३ नोव्हेंबर

दाढ शांत. शेवटची कॅप्सूल सकाळी घेतली.

त्रिपुरी पौर्णिमेला अंगणात पणत्या लावून कार्यक्रम आहे. मला कविता म्हणायचा आग्रह झाला. मी आगटे मास्तरांची म्हणणार. मास्तर स्वतः कविता करायचे आणि धडा संपला की फळ्यावर लिहून द्यायचे. छापली कुणी नाही. मी गेलो की ती जाणार. त्यातली ओढ्याची अजून तोंडात आहे :

ओढा म्हणाला, उशीर झाला,
गावापुढचा गाव राहिला.

आठवलं की खडूचा वास येतो.

१४ नोव्हेंबर

पोट बिघडलंय. लिहायलाही संकोच वाटतो. पाण्यासारखं होतंय, कळ येते, आणि एक वास, असा कधी आला नव्हता. शेणासारखा म्हणावा तर गोडसर, उग्र. खिडकी उघडी ठेवली तरी जात नाही. उद्या कार्यक्रम.

१६ नोव्हेंबर

काल निभावलं. दुपारी मंदाकिनीबाईंना दबल्या आवाजात सांगितलं. त्यांनी डब्यातून दोन बारीक गोळ्या काढल्या, जुलाब थांबवायच्या. "कविता पोटातून म्हणायची असते असं ऐकून होते," म्हणाल्या, "पण इतकीही नको." पोटाची ही दशा, आणि कविता ओढ्याची. मलाच हसू आलं. पण गोळीनं खरंच बूच बसलं. पणत्यांसमोर उभा राहिलो, एक शब्द चुकला नाही. दोघीतिघींनी डोळे पुसले. पलीकडे उसाचे तुरे चांदण्यात पांढरे दिसत होते.

आज पहाटेपासून दुपटीनं सुरू.

१९ नोव्हेंबर

अंगात कणकण. खोली ते संडास एवढंच जग उरलंय. जेवायला खाली गेलो नाही. उत्तरेश्वरनं ताकभात आणून दिला, तोही राहिला नाही. पलंगावर पडलो की पोटात गुरगुर चालते. मन लावून ऐकलं तर तिला चाल आहे. पुष्कळ पोरं एकदम पाठ म्हणताहेत, शब्द मात्र कळत नाहीत.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सुरुचीचा फोन आला. आवाजावरून तिनं ओळखलं. खोदून खोदून विचारलं. अँटिबायोटिक घेतलंत का मामा, म्हणाली. मी नाही म्हणालो. खोटं बोलायचा हेतू नव्हता. डॉक्टरांनी दिलेलं नव्हतं, घरातलंच होतं. मग दाढेचं निघालं, मग डब्याचं.

मग तिनं मला शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. आपल्या आतड्यात असंख्य जंतू नांदत असतात, बरेचसे भले. अँटिबायोटिकं त्यांनाही झाडून काढतात. मग एक असतो, त्याचं नाव क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल, त्याला मोकळं रान मिळतं. तो विष सोडतो, त्यानं आतडं सुजतं. कवच घालून तो महिनोन्महिने पडून राहू शकतो, दाराच्या कडीवर, संडासाच्या नळावर, पलंगाच्या दांडीवर. ते चोळायचं सॅनिटायझर त्याच्यावर चालत नाही. साबण-पाण्यानं हात धुवायचे, फरशी ब्लीचनं पुसायची, संडास वेगळा हवा. तपासणी आजच, आणि आजच दवाखान्यात दाखल. यावर नेमकं औषध आहे, माणूस बरा होतो.

मला पटकन समजलं. मधली सुट्टी झाली, सगळा वर्ग बाहेर गेला, आणि एक पोरगं बाकाखाली लपून राहिलं. आता वर्ग त्याचा.

शेवटी ती एक वाक्य सावकाश म्हणाली. "मामा, जुलाब थांबवायची गोळी आता अजिबात घ्यायची नाही. विष आत कोंडतं, आतडं फुगतं, आणि मग आमच्या हातात काही राहत नाही."

मी हो म्हणालो. पौर्णिमेचं सांगायचं राहूनच गेलं.

२१ नोव्हेंबर, दुपार

मंदाकिनीबाईंना सगळं सांगितलं. त्या पांढऱ्या पडल्या. मग माझ्या हातातून फोन घेऊन सुरुचीशी स्वतः बोलल्या. गाडी बोलावलीय, आत्ताच हडपसरला दाखल करतो, तुम्ही निर्धास्त राहा, असं गोड शब्दांत. फोन ठेवला आणि माझ्यासमोर बसल्या.

दवाखान्यात विचारतील, गोळ्या कुणी दिल्या. मग महापालिकेची माणसं येतील, डबा बघतील, टाळं लावतील. "अकरा जण आहोत, खांबेटे. सहा जणांना आपलं म्हणायला घर नाही. हे बंद झालं तर आम्ही कुठं जायचं, ते तुम्हीच सांगा."

माझ्या तोंडून निघून गेलं, बरोबर आहे तुमचं. माझ्या जिभेला ही सवयच आहे, समोरचा कळवळून बोलला की मान डोलवायची.

दोन दिवस बघू, म्हणाल्या. आपले डॉक्टर ओळखीचे आहेत, इथंच येतील.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

मला तळमजल्यावर हलवलं. मागच्या बाजूची टोकाची खोली, शेजारी धान्याची कोठी. संडास आतच आहे. सुरुचीनं सांगितलंय ना, वेगळा हवा. खिडकीला गज, बाहेर ऊस. फोन बाईंनी नेला. वस्तूंवर जंतू राहतात, पुसून देते, म्हणाल्या. तेही सुरुचीनंच सांगितलेलं. ही वही उशीखाली होती म्हणून राहिली.

कडी बाहेरून लावतात. मी गुंगीत भटकू नये म्हणून.

उत्तरेश्वर नाकाला पंचा बांधून येतो. ताट ठेवतो, संडासापर्यंत पोचवत नाही म्हणून पलंगाशी ठेवलेली बादली उचलतो, बोलत नाही. मी विचारलं, या खोलीत आधी कोण होतं. दाराकडे बघून म्हणाला, श्यामलाआजी. त्यांनाही असंच झालं होतं का, विचारलं. हो म्हणाला. मग थांबलं व्हतं काका, एकदम थांबलं, बाईंनी पेढे वाटले.

आणि मग, विचारलं मी.

त्यानं बादली उचलली.

२३ नोव्हेंबर, सकाळ

डॉक्टर आले का, विचारलं. बाई दाराबाहेरूनच म्हणाल्या, काल संध्याकाळी येऊन गेले, तुम्ही झोपला होतात. झोप लागली नाही मला. डोळा लागला असेल. नाही, लागला नाही.

पोटातला पाठ जोरात चाललाय. आता शब्द कळतील असं वाटतं. ऐकायची इच्छा नाही.

२३ नोव्हेंबर, संध्याकाळ

बाईंनी स्वतः साबुदाण्याची खीर करून पाठवली. वेलदोडा, केशर सगळं घातलेलं. तळाशी कडू लागली. गोड खिरीत कडू का, इतकं कळण्याएवढी जीभ अजून शाबूत आहे. पण तोवर वाटी संपली होती. उपाशी होतो हो.

त्यांनी वाईट हेतूनं केलं नसेल. थांबलं की सगळं मिटलं, एवढंच त्यांना ठाऊक.

घशात बोटं घातली. काही आलं नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार

थांबलंय.

सकाळपासून एकदाही नाही. उत्तरेश्वरनं रिकामी बादली पाहिली आणि धावतच गेला. बाई दार उघडून उंबऱ्यात उभ्या राहिल्या. डोळ्यांत पाणी होतं. "आता थांबलंय," म्हणाल्या. "बघा, म्हटलं होतं ना मी." मागं आणखी दोघं-तिघं होते, त्यांनी हात जोडले. त्रिपुरीला डोळे पुसणारी एकजण म्हणाली, आता पुन्हा कविता ऐकायची.

पोट दाखवायला सदरा वर केला. लग्नातल्या नगाऱ्यासारखं ताणलंय, बोट टेकवलं तरी कळ डोक्यात जाते. सांगत होतो, थांबलं ते चांगलं नाही, सुरुची म्हणाली होती, विष आत— जीभ टाळूला चिकटली. त्यांना वाटलं आभार मानतोय. नको नको, म्हणाल्या. खीर ठेवली. कडी लावली.

२४, दुपार

ऊस तोडायला टोळी आलीय. कोयते चालतात. ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी. खिडकीशी गेलो, गज धरून ओरडलो. आवाज ओठांच्या पुढं जात नाही. एका बाईनं मान वर केली. मी हात हलवला, जोरजोरात. तिनंही हलवला. हसली. डोक्यावर मोळी घेऊन गेली.

ऊस निम्मा गेला. खिडकीपुढं नुसते बुडखे.

२४, दिवे लागले तेव्हा

वर्ग शांत झालाय.

इतके दिवस पाठ म्हणत होती पोरं, गुरगुर, कालवाकालव. आता काही नाही. पोटाला हात लावून ऐकतो. काही नाही. वर्ग असा शांत फक्त तेव्हाच होतो, जेव्हा दारात कुणीतरी येऊन उभं असतं.

ताप आहे. ओळ वर चढते. आगटे मास्तर म्हणायचे, अक्षर सरळ तर माणूस—

खीर खाल्ली नाही. मोरीत ओतली.

२५, सोमवार

ओढ्याची कविता आठवत नाही. पहिली ओळ आहे. पुढं— गाव. गाव कुठला.

मी गेलो की जाणार, लिहिलं होतं ना. आधीच गेली.

छातीत धडधड. श्वास पोटाला धडकून परत येतो. बाई आल्या, लांबूनच बघितलं. चेहरा बदलला त्यांचा. सगळं कळलं त्यांना, मला दिसलं. म्हणाल्या, संध्याकाळी गाडी सांगते, अंधार पडला की. शेजाऱ्यांना दिसायला नको. मी म्हणालो आत्ता. म्हणालो का? ओठ हलले. त्या पदराचं टोक पिळत होत्या. "थोडं धरून ठेवा खांबेटे, मी हात जोडते." आणि जोडले खरंच.

मान डोलली माझी. आपली आपण.

२५

गाडी. मोठी नाही. फाटकाशी थांबली. संध्याकाळ झाली? नाही, ऊन आहे.

सुरुचीचा आवाज.

सुरुची आलीय. सांगलीहून. माझी पोर.

मोठ्यानं बोलतेय. हडपसरच्या एकाही दवाखान्यात मामांचं नाव नाही, कुठं ठेवलंय, विचारतेय. बाई सांगताहेत— तिथं जागा नव्हती म्हणून धायरीला, ओळखीच्या डॉक्टरांकडे. पत्ता सांगताहेत, पत्त्याबरोबर पिनकोडसुद्धा— खोटा पत्ता इतका बरोबर कुणी सांगत नाही, ती विश्वास ठेवील. धायरी. गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. जाऊन यायला—

हाक मारली. वारा निघाला नुसता.

पेला दारावर फेकला. पोचला नाही. गादीवर पडला, आवाज नाही.

पावलं इकडं येताहेत. तिच्या चपला. ही खोली कसली, विचारते. बाई म्हणतात कोठी. गहू-तांदूळ. उत्तरेश्वर आहे तिथं, त्याचा खोकला. बोल रे. बोल.

बादली उचलल्याचा आवाज.

ती थांबलीय. दाराशीच. वास— तिला वास ओळखता येईल, डॉक्टर आहे ती— बाई म्हणतात उंदीर मेलाय—

पलंगावरून उतरलो. पडलो. जमिनीवर आहे. दार चार हात. वही ओढत. हे पान फाडून खालच्या फटीतून सरकवायचं. आधी लिहितो, मोठ्या अक्षरात

सुरे मी आत आहे

कोठी नाही मी आहे

पोट फुगलंय थांबवायची गोळी दिली खिरीतून

जाऊ नकोस धायरीला कुणी नाही मी इथं दाराला बाहेरून क